हे खरे आहे काय?

सोमवार, ६ जानेवारी

दरवर्षी हे खात्याची डायरी घरी आणतात आणि दरवर्षी ती दूधवाल्याचे खाडे लिहिण्यात संपते. या वर्षी मी ती आधीच पळवली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ‘सार्वजनिक आरोग्य विभाग’, आत प्रत्येक पानाखाली एक सुविचार. आजचा सुविचार आहे ‘मोजके बोला’. मला जमेल असं वाटत नाही.

लिहायचं कारण असं की आजपासून मी आमदारांची सहायक. आमदार म्हणजे आमचे मास्तर. एकोणीस वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवायचे आणि मी ऑफिसात दाखले, नोटिसा, खुलासे लिहायची. ते निवडणुकीला उभे राहिले तेव्हा सगळे हसले, आणि निवडून आले तेव्हा सगळ्यात जास्त तेच दचकले. ना या पक्षाचे ना त्या. सभागृहात त्यांना शेवटच्या रांगेत खांबामागची जागा मिळाली आहे. मला म्हणाले, “तुमच्यासारखं नेमकं कुणी लिहीत नाही. प्रश्न तुम्ही लिहायचे, मी विचारायचे.”

दिवसभर जुन्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका वाचल्या. मंत्र्यांना प्रश्न विचारायची पद्धत ठरलेली असते. ‘अमुक पूल पडला आहे, हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, कारणे काय?’ मग ‘दुरुस्ती केव्हा?’ उत्तरंही ठरलेली. ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. आता आमच्या घरात ‘हे’ म्हणजे एकच माणूस. त्यामुळे पानापानावर कोणीतरी माझ्या नवऱ्याविषयी शंका घेतंय असंच वाटत होतं.

संध्याकाळी जेवताना ह्यांना सांगितलं. खूप हसले. “मग तू काय उत्तर दिलंस?”

म्हटलं, “हे खरे आहेत. सबब, प्रश्न उद्भवत नाही.”

‘सबब’ हा ह्यांचा लाडका शब्द. खात्यातल्या जुन्या फायलींतून उचललेला. दूध फाटलं आहे, सबब कोरा चहा. छत्री विसरली, सबब भिजलो. पण माझं उत्तर ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला आणि शिकवायला बसले. “चूक. पहिली गोष्ट खरी असली की पुढचे प्रश्न उद्भवतात. पहिल्याचं उत्तर ‘हे खरे नाही’ असलं, तरच पुढच्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहितात. नीट शीक.”

घरातच मास्तर असल्यावर शिकवणी कशाला लावायची?


रविवार, १२ जानेवारी

दोघं ताईकडे जाऊन आलो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, माझं लग्नही तिनंच लावून दिलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे अजून फोन उचलला की “बोला” म्हणते, मग समोर कुणीही असो. तीन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. तिच्या गावच्या सरकारी दवाखान्यात सहा यंत्रांचं केंद्र आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांच्या भरवशावर ती एकटी राहते.

जून महिन्यात तिथला पाणी शुद्ध करणारा प्लांट बिघडला. डायलिसिसला शुद्ध पाणी लागतं, बादल्या बादल्या. तेव्हापासून पाच यंत्रांवर चादरी टाकलेल्या आहेत. सहाव्या यंत्राला वेगळा छोटा फिल्टर आहे, त्यावर दर गुरुवारी एका रुग्णाचं होतं. रुग्ण बारा, म्हणजे प्रत्येकाची पाळी बारा आठवड्यांनी. बाकी सगळं सकाळी पावणेसहाची बस धरून, अडीच तासांवरच्या जिल्ह्याच्या ठिकाणी. चार तास यंत्रावर, परत अडीच तास बस. ताईच्या शेजारच्या सीटवर शिंपीकाका असतात. ते तिला दर फेरीला सांगतात, बाई, तुमच्या ब्लाउजची बाही तिरकी शिवली आहे कुणीतरी. ती म्हणते, तुम्हीच शिवली होती.

केंद्र बघायला गेलो. हे नेहमीसारखे बारकाईनं बघत होते. गुरुवारच्या पाळीची वही हातात घेऊन पानं चाळली, सिस्टरला दोन-तीन गोष्टी विचारल्या. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, तुमच्याच खात्याचं आहे ना हे, कुणाला तरी सांगा की. म्हणाले, “माझं टेबल बदललंय गं आता. सगळीकडचं थोडं थोडं येतं.”

बायकोच्या बहिणीसाठी रविवार घालवणारे किती असतात?


बुधवार, २२ जानेवारी

मास्तरांनी सांगितलं, पहिला तारांकित प्रश्न तुमच्या मनातला लिहा. तारांकित म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तिथे मंत्र्यांनी ‘महिन्याभरात करू’ म्हटलं की ते आश्वासन, त्याचा पाठपुरावा एक समिती करते. प्लांट दुरुस्त व्हायचा तो त्या एका वाक्यानंच होईल.

मी लिहिलं: ‘सहापैकी पाच डायलिसिस यंत्रे जून महिन्यापासून बंद आहेत, हे खरे आहे काय?’

जेवताना ह्यांना वाचून दाखवलं. ऐकताना हे भातातले खडे शोधत असल्यासारखे ताटात बघत होते.

“बरं आहे,” म्हणाले. “पण जोर नाही.”

“म्हणजे?”

“पाच म्हटलंस की मंत्री सहावं यंत्र पुढे करणार. आठवड्यातून एक दिवस एक यंत्र, याला काय चालू म्हणतात? सरळ लिही, केंद्र पूर्णपणे बंद आहे. ‘पूर्णपणे’ म्हटलं की सभागृह जागं होतं.”

मी जरा घुटमळले. एकाचं का होईना, होतं तर खरं. पण मला ताईची बस आठवली आणि वाटलं, नाहीतरी बंदच की. वीस वर्षं सरकारी कागद चाळणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळणारच. ‘केंद्र जून महिन्यापासून पूर्णपणे बंद आहे, हे खरे आहे काय?’ खरंच वाक्याला वजन आलं.


शुक्रवार, २४ जानेवारी

मास्तरांनी सही करताना पेन हवेत धरलं. “पूर्णपणे? गणितात पूर्ण म्हणजे पूर्ण हं.”

मी फणकाऱ्यानं म्हटलं, “बाराजणांत एकाला आठवड्यातून एकदा मिळतं, त्याला तुम्ही चालू म्हणणार का, मास्तर?”

“भाषा तुमच्याकडे,” म्हणाले आणि सही केली.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

प्रश्न स्वीकारला गेला. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यातही नशिबानं साथ दिली. बारा मार्चच्या यादीत चौथा क्रमांक, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या तासात नक्की पुकारला जाणार. बाविसावा आला असता तर उत्तर नुसतंच टेबलावर ठेवलं असतं.

ताईला फोन केला. “बोला,” म्हणाली. मी बातमी सांगितली. मग म्हणाली, “म्हणजे मंत्री उभा राहून माझ्या दवाखान्याचं नाव घेणार?” घेणार म्हटलं. “बरं. तोवर टिकते मग.”

ते ‘टिकते’ मला आवडलं नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, गेले तीन आठवडे ती तीनऐवजी दोनदाच जातेय. बस झेपत नाही. पाय सुजलेत, चप्पल बसत नाही.

ह्यांना सांगितलं तर ते स्वतः हळहळले. म्हणाले, “ताईंचं मी बघतो काहीतरी.”


शनिवार, ८ मार्च

नवऱ्याविषयी डायरीत गोड गोड लिहू नये असं मी ठरवलं होतं. आज लिहिणार.

ह्यांनी तिथल्या डॉक्टरांना फोन करून परवाच्या गुरुवारी ताईचं डायलिसिस तिच्या गावातच करून घेतलं. मला आधी सांगितलं नाही, आज ताईचाच फोन आला. सकाळी सिस्टर घरी येऊन घेऊन गेली म्हणे. चार तास झोपून परत चालत घरी. “कितीतरी महिन्यांनी डायलिसिसच्या दिवशी दुपारचं जेवण माझ्या ताटात जेवले,” म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा, एक्स्चेंजमधला.

फोन ठेवून मी रडले. हे पेपर वाचत होते. म्हणाले, “अगं, आपल्या माणसासाठी एवढं करायचं असतं.” पेपर खाली केलाच नाही. ह्यांना कौतुक झालेलं चालत नाही.


रविवार, ९ मार्च

आज जेवणाच्या टेबलावर सभागृह भरवलं. मी मास्तर, हे मंत्री. उपप्रश्न तीन काढलेत. पहिला, जूनपासून आजपर्यंत त्या केंद्रात एकूण किती वेळा डायलिसिस झालं? दुसरा, प्लांटच्या दुरुस्तीचा आदेश कोणत्या तारखेला निघाला? तिसरा, बारापैकी किती रुग्णांना बाहेरगावी जावं लागतं? तिसऱ्यावर माझा सगळा भार आहे. तो आकडा सांगितला की मंत्र्यांना पळवाट नाही.

हे अगदी तन्मयतेनं ऐकत होते. “दुसरा परत सांग,” म्हणाले. “आणि तिसऱ्यात ‘जावं लागतं’ म्हणणार की ‘जातात’?”

“जावं लागतं.”

“हं. चांगलाय.”

एकवीस वर्षं मी जेवताना ह्यांना दिवसभराचं सगळं सांगत आलेय. “आज काय झालं ऑफिसात?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. शाळेतल्या मुख्याध्यापिकेची भांडणंसुद्धा त्यांना तोंडपाठ आहेत. माझ्या मैत्रिणींचे नवरे बातम्या लावून जेवतात.


बुधवार, १२ मार्च

सकाळी नऊ. छापील उत्तरांची पुस्तिका आली.

‘(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) केंद्र पूर्णपणे बंद नाही, सबब, प्रश्न उद्भवत नाही.’

दोनदा वाचलं. मास्तर म्हणाले, “एका शब्दात अडकवलं की हो.” मी म्हटलं, उपप्रश्न आहेत अजून, तिथे धरू. पुस्तिकेतल्या बाकी साठ उत्तरांमध्ये ‘सबब’ कुठेही नाही. म्हणजे खात्यात ह्यांच्यासारखा अजून एक सबबवाला आहे म्हणायचा. संध्याकाळी ह्यांना सांगून हसवलं पाहिजे. आज त्यांचं कसलंसं प्रशिक्षण आहे दिवसभर.

निघते. तास अकराला सुरू होतो.


गुरुवार, १३ मार्च

काल परत आल्यावर लिहिलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

आम्हा सहायकांना वर, उजवीकडे बसायला जागा असते. तिथून मंत्र्यांची पाठ दिसते आणि त्यांच्या मागची अधिकाऱ्यांची गॅलरी. ते लोक चिठ्ठ्या लिहितात, शिपाई त्या मंत्र्यांच्या हातात देतो, मंत्री वाचतात. अकरा पस्तीसला आमचा प्रश्न पुकारला.

मास्तर खांबामागून बाहेर आले. नवीन शर्ट घातला होता, कॉलरला आतला पुठ्ठा तसाच. त्यांनी पहिला उपप्रश्न विचारला. मंत्री उठायच्या आधीच चिठ्ठी त्यांच्या हातात होती. “अध्यक्ष महोदय, जूनपासून अडतीस वेळा.” दर गुरुवारी एक, अडतीस गुरुवार. आकडा अगदी खरा.

दुसरा. चिठ्ठी तयार. “दुरुस्तीची कार्यवाही सुरू आहे.”

तिसरा. मास्तरांनी शब्द चुकवला नाही, “जावं लागतं” असंच म्हणाले. मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली. “कोणालाही बाहेरगावी पाठवण्यात आलेले नाही. काही रुग्ण स्वेच्छेने जातात.” मग त्यांनी दुसरा कागद घेतला. “उलट, मी सभागृहाला सांगू इच्छितो की गेल्याच गुरुवारी अठ्ठावन्न वर्षांच्या एका महिला रुग्णावर याच केंद्रात उपचार झाले. त्यांचा लेखी अभिप्राय माझ्याकडे आहे. ‘व्यवस्था चांगली आहे, मी समाधानी आहे.’” आणि कागद घडी करता करता, “सन्माननीय सदस्य गणिताचे शिक्षक आहेत. एक आणि शून्य यांतला फरक त्यांना मी सांगायला नको.”

सगळं सभागृह हसलं. दोन्ही बाजूंचं.

अठ्ठावन्न वर्षांची महिला. माझी ताई.

तेव्हा मी गॅलरीकडे बघितलं. चिठ्ठ्या जिथून येत होत्या तिथे. निळा स्वेटर. गेल्या थंडीत मीच विणलेला, डाव्या कोपराजवळ एक टाका सुटलेला, तो दुरुस्त करायचा राहून गेलाय. मान खाली घालून हे पुढची चिठ्ठी लिहीत होते. लिहिताना जिभेचं टोक ओठांत धरायची सवय आहे त्यांना. लक्षपूर्वक काम करताना.

त्यांनी वर बघितलं नाही. मी तिथे असते हे त्यांना माहीत होतं.

बाहेर मास्तर पायरीवर बसले होते. एका अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. पुढचं अधिवेशन जुलैत. मास्तर म्हणाले, “माझ्या तोंडातून निघायच्या आत उत्तर तयार होतं. तुम्ही हे उपप्रश्न कुणाला दाखवले होते?”

मी म्हटलं, “कुणालाच नाही.”

खोटं नव्हतं ते. तोंडातून तसंच निघालं. नवरा म्हणजे ‘कुणाला’मध्ये मोजायचा असतो हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.


शनिवार, १५ मार्च

दोन दिवस बोलले नाही. आज सुट्टी होती, सकाळी चहाच्या वेळी विचारलं. इथे उतरवून ठेवते, कारण नंतर मलाच खरं वाटणार नाही.

“प्रशिक्षण होतं म्हणालात.”

“आयत्या वेळी बोलावलं.”

“ते टेबल तुमच्याकडे कधीपासून?”

“डिसेंबर.”

“म्हणजे जानेवारीत मी प्रश्न वाचून दाखवला, तेव्हा उत्तर तुम्ही लिहिणार हे तुम्हाला माहीत होतं?”

कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “अंदाज होता.”

अंदाज होता. पावसाचा असतो तसा.

मग ते बोलत सुटले. असे प्लांट चौदा ठिकाणी बंद आहेत, एका ठिकाणी खरे आहे म्हटलं की चौदा ठिकाणी म्हणावं लागतं. त्यांची बढतीची फाईल वर आहे. त्यांच्या जागी दुसरा असता तर त्यानंही हेच लिहिलं असतं. “आणि शब्द तूच लिहिलास. मी फक्त सुचवला.” म्हटलं, हो. ते खरं आहे. त्या एका गोष्टीची मला तुमच्याहून जास्त लाज वाटते.

“ताईंचं केलं की नाही मी?” म्हणाले. आवाज दुखावल्यासारखा. “आपल्या माणसाला मी वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांना इथे आणू. इथे यंत्रं चालू आहेत, मी सोय करतो.”

त्यांना खरंच वाटतंय की त्यांनी ताईचं भलं केलं. ढोंग करत असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू? ज्याला सगळं सांगायची सवय आहे, त्याच्याचबद्दल तक्रार आहे. या बाईला एकवीस वर्षांत दुसरं माणूस करून ठेवायचं सुचलं नाही.


मंगळवार, १८ मार्च

ताईचा फोन. या वेळी मीच “बोला” म्हटलं, ती हसली नाही.

तिनं मंत्र्यांचं उत्तर पेपरात वाचलं होतं. “अगं, चार तास ती सिस्टर पोरगी माझ्यासाठी उभी होती. जाताना वही पुढे केली, म्हणाली काकू, दोन ओळी लिहा. काय लिहू? समाधानी लिहिलं. मी त्या पोरीवर समाधानी होते.”

मग म्हणाली, “त्या गुरुवारी पाळी शिंप्याची होती.”

मला कळेना.

“शिंप्याची पाळी मला दिली. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्या खाटेला पाठ टेकली नसती. त्याला आयत्या वेळी नाही म्हणाले. शुक्रवारी बस चुकली. शनिवारी छातीत पाणी झालं. मोठ्या दवाखान्यात आहे अजून, ऑक्सिजनवर. काल भेटून आले. मला बघून म्हणतो, बाई, बाही तिरकीच आहे.”

ती रडत होती. ताई रडते हे मी आईच्या वेळेनंतर पहिल्यांदा ऐकलं. मी तिला सगळं सांगितलं, शब्दासकट. बराच वेळ लाईनवर नुसता आवाज येत राहिला. पूर्वी एक्स्चेंजमध्ये असा आवाज आला की ती म्हणायची, लाईन चालू आहे, माणूस नाही.

शेवटी म्हणाली, “जावईबापूंना सांग, तुमच्या घरी मी येणार नाही. आणि माझा अभिप्राय परत मागितलाय म्हणावं.”

मी विचारलं, तू कशी जाणार मग? म्हणाली, “बसनं. मध्यंतरी दोनदाच जात होते, आता परत तीनदा जाईन. शिंपी उठून बसला की त्याला शेजारी कुणी नको का?”


बुधवार, १९ मार्च

मास्तरांना सांगितलं. काढून टाकतील असंच धरून गेले होते. टेबलावरच्या वस्तू आधीच पिशवीत भरल्या होत्या, दोन पेनं आणि पाण्याची बाटली.

ऐकताना ते खिडकीबाहेर बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “म्हणजे पेपर फुटला होता.”

“हो.”

“मुलगा हुशार म्हणून पहिला आला असं मला वाटत होतं. बरं झालं सांगितलंत.” मग चष्मा पुसला. “पेपर फुटला की काय करतात? नवीन काढतात. काढा. आणि या वेळी शाळेबाहेर नेऊ नका.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठवडाभर ते बिचारे फुटलं कुठून म्हणून सचिवालयातल्या कारकुनांवर संशय घेत होते. मी पिशवीतली बाटली परत टेबलावर ठेवली.


सोमवार, ७ एप्रिल

जुलैचा प्रश्न तयार. ‘सहापैकी पाच यंत्रे मागील वर्षीच्या जूनपासून बंद आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, बारा रुग्णांना अन्यत्र जावे लागते, हे खरे आहे काय?’ एकही विशेषण नाही. मास्तरांनी प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ मारली, आणि कागद त्यांच्या लोखंडी कपाटात गेला. ही डायरीही उद्यापासून तिथेच. किल्ली माझ्याकडे.

शिंपीकाका घरी आलेत. बसनं जातात, ताईच्या शेजारी. जुलैपर्यंत अजून चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या. मी रोज रात्रीच्या जेवणाआधी तिला फोन करते, आणि “बोला” ऐकू येईपर्यंत श्वास घेत नाही.

आज ह्यांच्या बढतीचा आदेश आला. जेवताना कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी वाचला, चांगलं झालं म्हटलं. खरंच चांगलं झालं, वीस वर्षं राबले आहेत. स्वेटरचा टाका अजून तसाच आहे. मी दुरुस्त केलेला नाही आणि त्यांनी म्हटलेलं नाही.

“आज काय झालं ऑफिसात?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“काहीतरी असेल की.”

मी भात वाढला. ते मग हळूच म्हणाले, “अजून रागावली आहेस का माझ्यावर?”

“प्रश्न उद्भवत नाही,” मी म्हटलं.

ते हसले. मोकळं हसले, महिन्याभरात पहिल्यांदा. जुनी थट्टा परत आली, सबब सगळं मिटलं, असं वाटलं असणार. त्यांनी पोटभर भात खाल्ला आणि उठून हात धुवायला गेले.

ते उत्तर कधी लिहितात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. ते टेबलावर द्यायचं राहिलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

(१) हे खरे नाहीत.